चौतीस फोटो

दार उघडल्या उघडल्या आप्पांनी माझं मनगट धरलं. घड्याळ पाहायला.

"अकरा सेकंद पुढे आहे," ते म्हणाले. "आत ये. चहा टाकलाय."

"तुम्ही कसे आहात?"

"थांब." त्यांनी घड्याळ माझ्या हातातून काढलं, किल्ली ओढून सेकंदकाटा थांबवला आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत अकरा सेकंद गप्प उभे राहिले. किल्ली आत दाबली. "हं. आता बोल."

बोलायचं ते मी पुण्याहून म्हसवडपर्यंत एसटीत मनाशी घोकत आले होते. साताऱ्याच्या डॉक्टरांनी अँजिओग्राफीसाठी नऊ मार्च दिला होता. आप्पांनी मला न विचारता फोन करून तो बारा करून घेतला. पंधरा दिवसांपूर्वी जिना चढताना त्यांच्या छातीत कळ आली होती, डावा हात तासभर जड झाला होता. डॉक्टर म्हणाले होते, जिने चढू नका, जागरण नको, आणि यांनी तारीख पुढे ढकलली होती ती गच्चीवर रात्रभर जागता यावं म्हणून.

"उद्या सकाळी आठला गाडी येईल," मी म्हणाले. "त्याच्या आधी सहा तास झोप पाहिजे."

"पावणेतीनला झोपतो. पाच तास होतात."

"आप्पा!"

"आज अकरा मार्च आहे, वैजू. रात्री अकराला त्या ताऱ्याच्या उजेडातली घट सुरू होणार. दहा तारखेला नाही, बाराला नाही. माझ्या हातात असतं तर मी डॉक्टरांच्या सोयीनं ठरवली असती."

बाजारपेठेत त्यांचा फोटो स्टुडिओ होता. चाळीस वर्षं त्यांनी तालुक्यातली लग्नं, बारशी आणि तिरडीवरचे चेहरे टिपले. खोलीत उजेड किती आहे हे ते स्वतःचा तळहात समोर धरून सांगत. लोकांच्या खिशात कॅमेरे आले तसा त्यांनी स्टुडिओ विकला, गावाबाहेर माळावर दोन खोल्या बांधल्या आणि गच्चीवर दुर्बीण बसवली. आई म्हणायची, यांचं एक गिऱ्हाईक कमी झालं की आकाशातलं एक वाढतं.

आईला जाऊन तेव्हा चौदा महिने होत आले होते.

पाच वाजता आप्पा मला घेऊन शेजारी गेले. शेजारी म्हणजे भानुदास माने. मधे शंभर पावलांचं रान, पलीकडे त्यांचा शेळ्यांचा गोठा आणि गोठ्याच्या खांबावर एक हॅलोजन.

"भानुदास, आज दिवा नको."

"परवा बी असंच म्हणलात की."

"परवा तालीम होती. आज खरं."

"आप्पा, तुमचा ग्रह हाय लई लांब. माझी शेरडं हितं हायत. आज आप्पांचा कार्यक्रम हाय, येऊ नगंस, असं लांडग्याला कोण सांगणार?"

"दहा ते पावणेतीन. तेवढंच."

"म्हंजी बरुबर लांडग्याचीच वेळ." भानुदास माझ्याकडे वळले. "वैजूताई, तुमी तरी सांगा. हार्टचा पेशंट माणूस, आन् रातीचं तारं मोजतंय."

"मी सांगून दमले, भाऊ."

"मग ऱ्हाऊ द्या. मी बसतो काठी घिऊन. पन आप्पा, ग्रहाला नाव माझं द्यायचं."

"दिलं. भानुदास."

"आन् दुसरा घावला तर धाकट्याचं."

आप्पा हसले. परत येताना रानाच्या मध्यावर ते थांबले आणि बाभळीच्या बुंध्याला हात लावून उभे राहिले. मी पाहिलं तर म्हणाले, "बघतोय, हॅलोजन इथून किती लागतो."

हॅलोजन लावलेला नव्हता.

जिना अठरा पायऱ्यांचा. वरच्या टोकाला गच्चीचं दार. ते पावसात फुगलं होतं आणि कधी लागत नसे. लावायचंच तर खांदा द्यावा लागे. म्हणून ते सदा उघडं. त्या संध्याकाळी आप्पा अठरा पायऱ्या तीन टप्प्यांत चढले. मी मागे होते. मी काही बोलले नाही, कारण बोलायला लागले असते तर ते आजाराबद्दल राहिलं नसतं.

गच्चीवर त्यांनी जुन्या डार्करूममधला लाल दिवा लावला होता. लॅपटॉपच्या पडद्यावर लाल जिलेटिनचा कागद. दोन खुर्च्या, थर्मास, घोंगडी. दुर्बीण पश्चिमेच्या कठड्याला तोंड करून नव्हती, सरळ वर होती, सिंह राशीकडे.

"तारा डोळ्याला दिसायचा नाही," ते म्हणाले. "सूर्यापेक्षा लहान आहे, तांबूस. हा बघ, पडद्यावर. मधला."

पडद्यावर पन्नासेक ठिपके होते. मधल्या ठिपक्यावर बारीक फुली.

"दर मिनिटाला एक फोटो. प्रत्येक फोटोत या ताऱ्याचा उजेड किती, ते यंत्र मोजतं आणि इथे एक टिंब टाकतं. टिंबांची ओळ सरळ चालली म्हणजे काही घडत नाही. ग्रह ताऱ्याच्या पुढून गेला की ओळ खाली येणार. उतार, मग तळ, मग चढ."

"किती खाली?"

"शंभर पणत्या लावल्यास आणि दोन विझल्या. तेवढी."

"आणि ढग आला तर?"

हे मी मुद्दाम विचारलं होतं. त्यांना ते कळलं असावं, पण त्यांनी नवख्याला सांगावं तसं सांगितलं.

"म्हणून शेजारचे हे तीन तारे सोबत मोजायचे. ढग आला तर सगळेच मंदावतात. ग्रह आला तर हा एकटा."

"आणि ढग आला की तुम्ही खाली जाता. तुमची पद्धत आहे ना ती."

त्यांनी थर्मासचं झाकण घट्ट होतं तरी पुन्हा फिरवलं.

इथे ती गोष्ट सांगावी लागेल. ग्रह शोधणाऱ्या एका उपग्रहाने या ताऱ्याची घट एकदाच पाहिली होती. मग त्या उपग्रहाची नजर दुसरीकडे वळली. ग्रह खरा असेल तर पुन्हा केव्हा येईल हे कोणालाच माहीत नव्हतं. आप्पांच्या हौशी निरीक्षकांच्या गटातले वीसेक जण आळीपाळीने त्या ताऱ्यावर पाळत ठेवून होते. आदल्या वर्षीच्या जानेवारीत, पंधरा तारखेच्या पहाटे, आप्पांची पाळी होती. दोन पन्नासला टिंबं उतरायला लागली. उपग्रहाच्या घटीनंतर चारशे वीस दिवस आणि काही तासांनी. जगात दुसऱ्यांदा ती घट पाहणारा माणूस आमच्या गच्चीवर बसला होता.

आणि त्याच पहाटे आई खालच्या खोलीत वारली.

मी दुपारी पोहोचले. भानुदास अंगणात रडत होते. "मी ऐकल्या वहिनींच्या हाका," ते म्हणाले. "तीनची लाईट आली म्हणून मोटार चालू कराया उठलो हुतो. दोनदा 'अहो' म्हणल्या. मला वाटलं, आप्पा हायत की वर. म्हणून मी गेलो रानात." गोठ्यात ऐकू आलेली हाक गच्चीवर ऐकू आलीच असणार. मी आप्पांना विचारलं, "तुम्ही कुठे होतात?" ते म्हणाले, "वर." मी पुढचा प्रश्न विचारला नाही.

अँब्युलन्स चार वाजून दहा मिनिटांनी आली होती. दहिवडीहून वीस मिनिटं. म्हणजे फोन तीन पन्नासला. दहाव्या दिवशी त्यांच्या टेबलावर गटाला पाठवायचा निरीक्षणाचा तक्ता मला दिसला. त्यात 'निरीक्षणात खंड – कारण' असा रकाना होता आणि आप्पांच्या वळणदार अक्षरात लिहिलेलं होतं, 'ढग. निरीक्षण थांबवले.'

मी तो कागद त्यांच्यासमोर धरला. "ढग आला म्हणून खाली आलात. नसता आला तर?"

त्यांनी कागद माझ्या हातातून घेऊन पाकिटात घातला. त्यानंतर चौदा महिने आम्ही फोनवर फक्त औषधं, गॅस आणि विजेचं बिल याबद्दल बोललो.

अर्धवट उतार कोणी मानला नाही. आप्पांनीच लिहिलं होतं ढग म्हणून. मग गटाने म्हटलं, ढगामुळेच मंदावला असेल. फक्त आप्पांना खात्री होती. त्यांनी त्या दोन पन्नासमध्ये चारशे वीस दिवस, वीस तास, दहा मिनिटं मिळवली आणि कॅलेंडरवर अकरा मार्चला लाल टिंब काढलं. आज घट आली तर त्या पहाटेची खरी. आली नाही तर ती पहाट ढगाची.

मला ती यायला नको होती. हे मी तेव्हा स्वतःशीसुद्धा बोलले नव्हते.

दुर्बिणीची मोटर जुनी होती. तारा हळूहळू फुलीवरून सरके. दोन फोटोंच्या मधे पाच सेकंद मिळत. तेवढ्यात हातातल्या बटणांच्या डबीने त्याला परत जागेवर आणायचं. हे आपोआप करणारं यंत्र मिळतं, पण आप्पा म्हणत, हात आहेत तोवर कशाला. कोणी बसलं नाही तर दहाबारा मिनिटांत तारा चौकटीबाहेर जाई.

दहापासून ते डबी घेऊन बसले. टिक, टिक. भानुदासच्या गोठ्याकडे अंधार. मधूनच त्यांच्या बॅटरीचा उजेड जमिनीवर पडे आणि विझे. सरळ ओळ चालली होती.

"दहा अठ्ठावन्न," आप्पा म्हणाले.

मी घोंगडी ओढून घेतली.

"अकरा."

टिंब सरळ. पुढचं सरळ. अकरा एक, अकरा दोन. मी त्यांच्याकडे पाहिलं. लाल उजेडात त्यांच्या कपाळावर घाम दिसत होता. मार्चमधल्या माळावरच्या वाऱ्यात मी घोंगडीत होते आणि त्यांना घाम आला होता.

"आप्पा, बरं वाटतंय ना?"

"बोलू नकोस."

अकरा तीनचं टिंब जरा खाली पडलं. अकरा चारचं वर. पाच, सहा, सात खाली. आठ आणखी खाली. शेजारच्या तीन ताऱ्यांच्या ओळी ताठ होत्या, आणि ही एकटी उतरत होती, एखादा माणूस अंधारात पाय चाचपडत जिना उतरतो तशी.

आप्पांनी हाताची मूठ तोंडावर धरली. बराच वेळ तशीच. मग डबी माझ्यापुढे केली.

"घे. मी जरा पाठ टेकतो."

"मला येत नाही."

"डावीकडे गेला की उजवं बटण. बास. मी बघतोय."

मी चुकत शिकले. ते खुर्चीत मागे रेलून सांगत राहिले. "दोनदा दाब. आता सोड. आता नको, फोटो चालू आहे. फोटो चालू असताना श्वाससुद्धा जपून घ्यायचा." अकरा पंचविसला टिंबं तळाला लागली आणि तिथेच चालू लागली. दोन पणत्या विझलेल्या. बारा वाजले. साडेबारा वाजले. त्यांचं सांगणं कमी होत गेलं. कधीतरी मला जाणवलं की मी न सांगता दाबते आहे, आणि बरोबर दाबते आहे, आणि मला पाहायचं आहे.

बाराला दहा कमी असताना पश्चिमेकडे एक विटकरी पट्टा दिसला होता. ढग. मी तो पाहिला, त्यांनीही पाहिला. दोघंही त्याबद्दल बोललो नाही. साडेबाराच्या सुमारास तो खालच्या खालीच विरला.

"चढ पाहिजे," ते एकदम म्हणाले. आवाज लहान झाला होता. "चढ मिळाला नाही तर काही उपयोग नाही. खाली गेलेला परत आला, एवढं दिसलं पाहिजे. आल्यावर दहा टिंबं सरळ. मग बंद कर."

"तुम्ही आहात ना."

"एक पंचेचाळीसच्या आसपास पुरता वर येईल."

बारा पन्नासला ते उठले. "पाणी पिऊन येतो. पडतो जरा."

"मी येते."

"बस. तू उठलीस तर हलेल." दुर्बिणीला हात न लावता ते तिच्या बाजूने गेले. "आणि वैजू, मधे सोडू नकोस."

मी त्यांची पावलं मोजली नाही. फोटो चालू होता. मागे एक जड आवाज झाला, लाकूड लाकडात बसल्याचा. मी पाहिलं. जिन्याचं दार लागलेलं होतं. आमच्या घरी ते दार लागलेलं मी पहिल्यांदा पाहिलं. मला वाटलं, वारा.

एक बावीसला खालून स्टीलचा तांब्या पडल्याचा आवाज आला. दारातून अगदी बारीक. तांब्या पडतो, गोल फिरतो आणि थांबतो. हा थांबला नाही. एकेक पायरी उतरत गेला.

मी हाक मारली. "आप्पा?"

गोठ्यात ऐकू जाईल एवढ्याने नाही.

उत्तर आलं नाही. फोटो संपला. पाच सेकंद. मी एकदा उजवीकडे दाबलं. पुढचा फोटो सुरू झाला. मी ठरवलं, हा झाला की जाते. तो झाला. टिंब तळालाच होतं. मी म्हटलं, तांब्या त्यांच्या हातून नेहमी पडतो. डावा हात. म्हटलं, काही असतं तर हाक मारली असती. म्हटलं, दार लावून घेतलंय म्हणजे झोपायचं आहे. पुढचा झाला. त्यांनीच सांगितलं होतं, मधे सोडू नकोस. मी गेले असते आणि ते पलंगावर पडलेले असते, तर पुन्हा चारशे वीस दिवस, आणि तेवढे दिवस मी त्यांच्याशी काय बोलले असते? पुढचा झाला.

एक सत्तावीसला टिंब उचललं. मग पडलं. एक एकोणतीसपासून ओळ चढायला लागली, एकेक, अगदी सावकाश, आणि मी हातात डबी धरून रडत होते, आणि दर पाच सेकंदांच्या फटीत बरोबर दाबत होते. एक सेहेचाळीसला ओळ जुन्या जागी आली. मग दहा सरळ टिंबं. मी दहाही मोजली.

एक छप्पन्नला मी डबी ठेवली. दाराला खांदा दिला. पहिल्यांदा उघडलं नाही.

आप्पा वरून तिसऱ्या पायरीवर बसलेले होते. भिंतीला टेकून. पाणी खालपर्यंत ओघळलं होतं. डोळे उघडे होते आणि श्वास मोडून मोडून येत होता. ते पलंगावर पडलेच नव्हते. खालून पाणी घेऊन ते माझ्याकडे येत होते, की दाराआडच बसायला परत आले होते. मला ते कधीच कळलं नाही.

"आला वर?"

"आला."

"दहा?"

"दहा, आप्पा. पूर्ण. उठू नका." मग मी गच्चीच्या कठड्याशी जाऊन ओरडले. ती हाक मला वाटतं म्हसवडमध्ये ऐकू गेली असेल. "भानुदासभाऊ!"

गोठ्यातली बॅटरी पेटली आणि आमच्या दिशेने धावत आली.

भानुदासांनी पिकअपमधे कडबा पसरला, वर गादी टाकली. मी मागे आप्पांचं डोकं मांडीवर घेऊन बसले. त्यांचा हात माझ्या हातात होता. पिंगळीच्या वळणानंतर ते बोलले.

"त्या रात्री दार उघडं होतं, वैजू."

"बोलू नका."

"उघडं होतं. म्हणून ऐकू आलं मला."

चौदा महिने मी ज्या कबुलीची वाट पाहिली, ती अशी आली. घोंगडी सरकली होती. मी ती नीट करायला हात सोडवून घेतला, आणि घोंगडी नीट झाल्यावरही परत दिला नाही. आठ-दहा किलोमीटर. मग दिला.

साताऱ्यात तरुण डॉक्टर होते. कागद पुढे ओढून त्यांनी विचारलं, "दुखायला लागून किती वेळ झाला? नक्की सांगा, त्यावर ठरतं."

"वाटेतले दोन तास," मी म्हणाले. "त्याआधी दहा मिनिटं."

त्यांनी ते लिहून घेतलं.

आप्पा चौथ्या दिवशी गेले. मधल्या तीन दिवसांत ते फार बोलले नाहीत. एकदा नर्सच्या मनगटाकडे बघून म्हणाले, "चार सेकंद पुढे." डॉक्टर मला म्हणाले, लवकर आणलंत, पण हृदयच थकलेलं होतं.

मी घरी आले तेव्हा भानुदास गोठ्याचं कुंपण बांधत होते. एक खुंटा रिकामा होता. मी त्या खुंट्याकडे पाहिलं. ते म्हणाले, "चालायचंच," आणि तारेला पिळा देत राहिले.

अकरा मार्चचे फोटो मी गटाला पाठवले. महिन्याभराने गटाचे प्रमुख दाभाडकर यांचा नागपूरहून फोन आला. साठीतले, हळू बोलणारे गृहस्थ.

"तुमची अकरा मार्चची रात्र फार स्वच्छ आहे, ताई. उतार, तळ, चढ, सगळं. आता प्रश्न त्या जानेवारीचा. तुमच्या वडिलांनी फक्त टिंबं पाठवली होती, मूळ फोटो नाहीत. ढग किती होता ते पाहिलं तर अर्धा उतार तरी वापरता येईल. लॅपटॉपवर असतील का?"

होते. तारखेचं नाव दिलेला कप्पा. मी गच्चीवर नाही, स्वयंपाकघरात, दिवसाउजेडी बसून ते एकेक उघडले. दोन पन्नास. दोन पंचावन्न. तीन. तारा फुलीवर, इतका नेमका की मला माझ्या रात्रीची लाज वाटली. तीन चार. तीन पाच.

तीन पाचच्या फोटोत प्रत्येक ताऱ्याला शेपूट होतं. मधल्या, शेजारच्या तिघांना, सगळ्या पन्नास ठिपक्यांना, एकाच दिशेला, बारीक. फोटो चालू असताना कोणीतरी दुर्बिणीला धक्का दिल्याशिवाय तसं होत नाही. घाईने उठताना गुडघा लागला असणार.

तीन सहाच्या फोटोत फुलीवर काही नव्हतं, तारा डावीकडे. तीन सातला आणखी डावीकडे. कोणी त्याला परत आणलं नाही. तीन सोळाला तो काठावर होता. तीन सतराला गेला. त्यापुढे यंत्र सकाळपर्यंत दर मिनिटाला फोटो काढत राहिलं होतं, आणि एकूणएक फोटोत तारे सुईसारखे टोकदार होते. पहाट फुटून आकाश पांढरं होईपर्यंत.

ढग एकाही फोटोत नव्हता.

मी दहिवडीला फोन करून विचारलं. पंधरा महिन्यांपूर्वीची नोंद शोधायला त्या माणसाने दोन दिवस घेतले. कॉल तीन वाजून आठ मिनिटांनी आला होता. गाडी कुरोलीच्या अपघातावर गेलेली, तिकडून वळवली. यायला तास लागला. मी वीस मिनिटं धरली होती.

दाभाडकरांना मी सगळे फोटो पाठवले. दोन दिवसांनी ते म्हणाले, "ढग नाहीच, ताई. उतार अस्सल आहे. पण मग मधे का सोडलं? तुमच्या वडिलांसारखा माणूस?"

मी म्हटलं, लिहून कळवते.

त्यांनी दोन्ही रात्रींचे कोरे तक्ते पाठवले होते. पहिल्यावर मी आप्पांचं नाव, तारीख, दुर्बिणीचं माप लिहिलं. 'निरीक्षणात खंड – कारण' या रकान्यात लिहिलं: तीन वाजून पाच मिनिटांपासून पुढे. निरीक्षकाला खालून हाक आली. तो फोटो पुरा होण्याआधी उठला.

दुसरा तक्ता अकरा मार्चचा. त्यावर निरीक्षक म्हणून आधी आप्पांचं नाव लिहिलं, मग बारा पन्नासपासून पुढे माझं. फोटो क्रमांक, वेळा, हवामान. एक बावीस ते एक छप्पन्न या वेळेतले चौतीस फोटो मी पुन्हा एकदा उघडून पाहिले. एकाही ताऱ्याला शेपूट नव्हतं. मग तोच रकाना आला. मी लिहिलं:

खंड नाही.